तीसचे सत्तर

मित्रांनो, मी रॅमची एक जुनी पट्टी आहे. लांबी वीतभरही नाही, रंग हिरवा, अंगावर आठ काळे चौकोन. संगणक काम करताना हातातले आकडे तेवढ्यापुरते माझ्याकडे ठेवायला देतो आणि लागले की परत मागतो. दिले तसे परत करणे, एवढाच माझा धर्म.

कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी मला तापवून, गार करून पारखले होते. मला झेपणारा वेग ठरवून तो माझ्या पाठीवर चिकटवला आणि मगच मला जगात सोडले.

मी आले ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या वर्कशॉपमधल्या संगणकात. समोरच्या खुर्चीत मावशी बसत. त्या तिथे कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण मालकिणीपासून सगळे त्यांना मावशीच म्हणत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे नंबर संगणकात भरायचे आणि छापलेला कागद काच घासणाऱ्या काकांना द्यायचा, हे त्यांचे काम. भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे त्या चिठ्ठीवर लाल खूण करत. अकरा वर्षांत त्यांच्या चुकीने एकही काच परत आली नव्हती.

"मावशींचा कागद असला की मी डोळे मिटून घासतो," काका म्हणायचे.

"उघडे ठेवा. काच दुसरी मिळते, बोट मिळत नाही," मावशी म्हणायच्या.

त्यातली शेवटची सहा वर्षे मी त्यांच्या आकड्यांची राखण केली. या कौतुकात माझाही वाटा आहे, असे मला वाटे.

पुढे संगणक मंदावला. मेकॅनिकने माझ्या शेजारच्या खाचेत एक नवी पट्टी बसवली. ती माझ्यापेक्षा पुष्कळ वेगवान होती. अशा वेळी दोघींनी धिम्या पट्टीच्या वेगाने चालायचे असते, आणि पहिल्यांदा संगणकाने तसेच केले.

"नवी घालून वेग तोच?" मालकिणीने विचारले.

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणत मेकॅनिकने संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघींना नवीचा वेग लावला. संगणक सुरू झाला. "बघा, पळतंय."

नवी पळत होती. मी फरफटत होते.

सकाळी गार अंगाने कसेबसे जमायचे. दुपारी खोके तापले की माझा तोल जाई. एका शाळकरी मुलीची काच कोणत्या कोनात बसवायची, तो आकडा मावशींनी तीस भरला. मी सत्तर परत केला. संगणकाच्या भाषेत तीन आणि सात यांत एकाच खुणेचा फरक असतो, तेवढी एक माझ्या हातून निसटली. मुलीला पायऱ्या तिरक्या दिसल्या. ती पडली आणि तिचा पुढचा दात तुटला.

महिन्याभरात आणखी दोन चष्मे परत आले. मेकॅनिकला बोलावणे गेले. त्याने आम्हांला बाहेर काढले आणि सकाळच्या गारव्यात एकेकटीला तपासले. एकटी असताना मी माझ्या वेगाने चालले आणि अचूक चालले. नवीही अचूक निघाली. दोघींना एकत्र कुणी तपासलेच नाही.

"दोन्ही ठणठणीत आहेत. मशीन चुकत नाही मॅडम, माणूस चुकतो."

मालकिणीने सगळ्यांसमोर मावशींना भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवले. मावशींनी शेवटची ओळही घडाघडा वाचली.

"पाठ असेल," काका म्हणाले. "अकरा वर्षं तोच तक्ता टांगलाय."

सगळे हसले. मावशीही थोड्या हसल्या.

त्या दिवसापासून त्या प्रत्येक आकडा तीनदा वाचू लागल्या आणि तीन लाल खुणा करू लागल्या. तरीही एका आजोबांचा चष्मा परत आला. पुन्हा तीसचे सत्तर.

"बाई, मी तीनदा वाचलं होतं," मावशी म्हणाल्या.

"तीनदा वाचूनही चुकत असेल, तर मग राहिलं काय?"

आजोबांची चिठ्ठी मावशींच्या हाताशीच होती, पण त्यांनी ती दाखवली नाही. आपल्या खुणांवर त्यांचाच विश्वास उरला नव्हता.

"माझंच डोकं चालत नसेल आता," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघाल्या. त्या परत आल्या नाहीत.

खुर्चीत मालकिणीची भाची आली. आठवड्यात तिचीही काच परत आली. मग मात्र दुसरा मेकॅनिक बोलावला गेला. त्याने झाकण उघडून आमच्या पाठी वाचल्या, वेग पाहिला आणि म्हणाला, "ही जुनी या वेगाने पळवलीत? ती चुकणारच."

"मावशींना सांगायला हवं," काका हळूच म्हणाले.

"आता काय सांगायचं?" मालकीण म्हणाली. "त्यांनी स्वतःच कबूल केलंय ना."

मला काढून मावशींच्या जुन्या खणात टाकले. मित्रांनो, मला आता दुरुस्ती नको, जागाही नको. एवढेच सांगते, की न जुळणाऱ्या दोघींना एका जुवाला जुंपू नका. जुंपल्याच, तर चुकीची चौकशी एकेकटीकडे करू नका. दोघींना एकत्र चालवून, तापल्यावर पाहा. आणि माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या हातातला कागद मागून घ्या.

आजोबांची चिठ्ठी याच खणात माझ्या खाली आहे. तीस, आणि पुढे तीन लाल खुणा. कात्रीसाठी कुणीतरी रोज खण उघडते. कात्री घेते आणि खण लोटून देते.