अग्नी न दिलेला उंबरा

वैशाखातल्या कलत्या उन्हात पत्र्याच्या शेडमधून टक्, टक् असा आवाज येऊ लागला की समजावं, द्वारका भट्टीतून निघालेल्या वस्तूंची विचारपूस करते आहे. बोटाच्या पेराने ती प्रत्येकीवर हलकेच टिचकी मारते, मान किंचित तिरपी करते आणि ऐकते. नीट भाजलेली माती काशाच्या भांड्यासारखी किणकिणते. आत कुठे तडा असेल तर तिचा आवाज बसलेला असतो. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नसतं. जिंतूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो तेव्हापासून मी तिची बडबड ऐकत आले आहे, त्यामुळे तिच्या मौनाची ही दहा मिनिटं मला फार प्रिय आहेत. पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि ती सिरॅमिकची शिल्पकार झाली. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ अजूनही कपबशा बनवणारी बाई असाच आहे.

कपबशाही तिने केल्या. तेव्हाच्या औरंगाबादेत कला शिकून परतल्यावर पोटासाठी महालक्ष्म्यांचे मुखवटे केले, दारावरच्या नावाच्या पाट्या केल्या. पण तिच्या बोटांना ध्यास होता तो कधीही न पाहिलेल्या एका गावाचा. तिच्या आईवडिलांचं गाव ती जन्मायच्या आधीच येलदरीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. वाती वळता वळता आई त्या गावातली एकेक जागा सांगायची आणि ही पोर ती हातांत साठवून ठेवायची. त्यातून तिचे ते कोनाडे आले. भिंत नसलेले, एकटे उभे, आतून दिव्याची काजळी धरलेले. कुठेही न पोहोचणाऱ्या पायऱ्या आल्या, कुणी न पेटवलेल्या चुली आल्या. पुण्या-मुंबईच्या दालनांत त्यांच्यासमोर माणसं आपोआप आवाज खाली आणतात, हे मी पाहिलं आहे. एकदा एक बाई कोनाड्यापुढे रडू लागली. द्वारका माझ्या कानाशी पुटपुटली, "घर आठवलं असंल, न्हाईतर चप्पल चावायली असंल." असं काही बोलते तेव्हा ती स्वतः गलबललेली असते, हे मला ठाऊक आहे.

धरणाचा गाळ आपल्या मातीत मिसळायचा हा तिचा जुना हट्ट. काळ्या मातीचा स्वभाव लहरी. वाळताना आकसते, आगीत तडकते. विकतची पांढरी माती आणि दळलेली वीट घालून ती तिला कशीबशी वळणावर आणते. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, बुडालेल्या गावाचे पाये उघडे पडले, आणि ऐंशी ओलांडलेली तिची आई हट्टाला पेटली की मला घेऊन चला. आम्ही तिघी जीपने गेलो. वाळलेल्या चिखलावर उन्हाचा थरकाप चालला होता, शिंपल्यांवर पाय पडला की चुरचुर आवाज होत होता. काकू, म्हणजे द्वारकेची आई, मात्र आपल्या घरात वावरावं तशा वावरत होत्या. इथं चूल, इथं जातं, असं म्हणत त्या मोकळ्या मैदानात बरोबर वळत होत्या. एका ठिकाणी त्यांनी मान वाकवली. तिथे पूर्वी ठेंगणं दार होतं.

घराच्या मागच्या अंगाला द्वारकेला लोण्यासारखी मऊ माती सापडली. ती भान हरपून खणत राहिली, पोती भरत राहिली. काकू शेजारी बसून नुसत्या पाहत होत्या. परतताना त्यांनी एक पोतं पायाशी घेतलं आणि जिंतूर येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही. आम्हाला वाटलं, धक्के बसतात म्हणून आधार घेतला असेल.

त्या मातीतून द्वारकेने उंबरा घडवला. खऱ्या मापाचा, आतून पोकळ, आणि मधोमध पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजल्यासारखा खोलगट. पुण्यात तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रदर्शन ठरलं होतं आणि दालनाच्या मध्यभागी हा उंबरा मांडायचा होता. इतकं सरस काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे माझ्यासारख्या अडाणी डोळ्यांनाही दिसत होतं. आश्विनातल्या एका सकाळी तो भट्टीत जायचा होता. मी डबा घेऊन गेले होते. भट्टीचं दार उघडं होतं. एवढ्यात काकू भिंतीला धरत धरत आल्या आणि भट्टी नि उंबऱ्याच्या मधे खाली बसल्या.

"याला इस्तू देऊ नको," भट्टीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या.

"का गं माय?"

"तान्ह्या लेकराला इस्तू देत न्हाईत. मातीत ठेवतेत."

मग जमिनीकडे पाहत त्यांनी सांगितलं. द्वारकेच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली, बारसंही झालं नव्हतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिला घरामागे पुरलं. पुढच्या काही महिन्यांत गाव उठलं आणि तिच्यावर पाणी चढलं. द्वारकेने माती काढली ती नेमकी तिथली. साठीला आलेल्या लेकीला आपल्याला एक थोरली बहीण होती हे त्या सकाळी कळलं.

"मी खणायले तवा का बोलली न्हाईस?" द्वारकेने विचारलं.

"मला वाटलं, तू तिला वर घ्यायलीस," काकू म्हणाल्या. "लय दिस झाले पाण्यात तिला."

द्वारकेने भट्टीचं दार रिकामंच लावून घेतलं. मी डबा हातात धरून तिथेच रडत उभी राहिले.

पुण्याच्या आयोजकाने सांगितलं, कच्ची माती प्रवासात टिकत नाही, आम्ही ती मांडू शकत नाही. प्रदर्शनात तिच्या दोन जुन्या कोनाड्यांना कोपऱ्यातली जागा मिळाली आणि मध्यभागी दुसऱ्याच कुणाचं काम उभं राहिलं. मला काकूंचा राग आला होता, तो मी लपवला. त्या रोज दुपारी उंबऱ्याशी बसत, तळवा ओला करत आणि बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या मातीवरून फिरवत. माती हाताला लागून निघत होती, मधली खोलगट जागा दिवसेंदिवस खोल होत होती. आपलं सर्वोत्तम काम असं पुसलं जात असताना द्वारका त्यांच्याकडे पाठ करून मुखवटे रंगवत बसे. त्या पाठीकडे पाहून मला सगळं कळे.

गेल्या माघात काकू गेल्या. त्यांना अग्नी द्वारकेनेच दिला. त्यानंतर दुपारी शेडमध्ये मातीवरून तळवा फिरल्याचा आवाज येतो, असं ती म्हणते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण फाल्गुनात एकदा आम्ही दोघी गप्प बसलेलो असताना तो मीही ऐकला. मंद, ओलसर, थांबून थांबून येणारा. पत्र्याखाली वारा शिरला असेल असं मी मोठ्याने म्हणाले, आणि बाहेर पाहिलं तर लिंबाचं पानही हलत नव्हतं.

चैत्रात पुण्याहून पुन्हा फोन आला. त्या आयोजकाला द्वारकेने पूर्वी पाठवलेल्या फोटोतला उंबरा विसरता आला नव्हता. तोवर त्याला भेगा पडल्या होत्या, पावसाळ्याच्या ओलीने बूड भुसभुशीत झालं होतं. आता भाजला तर वाचला असता, न भाजता फार तर आणखी दोन पावसाळे. मी द्वारकेला सरळ म्हणाले, "काकू गेल्या. आता तुला कोण अडवायलंय? भाजून टाक, तो तरी राहील." हे मी बोलले याची मला आजही लाज वाटते.

ती रागावली नाही. उंबऱ्यावरची धूळ पदराने पुसत तिने मला विचारलं, "माय गेली म्हणून ती मोठी झाली का गं?"

आता रोज दुपारी हातातलं काम टाकून द्वारका त्या उंबऱ्याशी बसते, तळवा ओला करते. तिचे केस पांढरे झाले आहेत, गुडघे धरतात, आणि तिची थोरली बहीण अजून नऊच दिवसांची आहे. काळ आपल्याला म्हातारं करत पुढे नेतो, गेलेल्यांना मात्र तेवढंच ठेवतो. आणि मग एके दिवशी, ज्यांच्या पाठीवर आपण जन्मलो त्यांचीच आई आपल्याला व्हावं लागतं.