सुगंधी जखम

वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, शहराच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावरील भाजलेल्यांच्या कक्षात, कोपऱ्यातील खाटेवर ईश्वर प्रकट झाल्याचे कुणा एका महाराजांनी जाहीर केले. आणि दुपारपर्यंत जिन्यावर मुंगीला शिरायला वाव उरला नाही.

त्या खाटेवर काचकारखान्यात पाठ भाजलेला एक विशीतला मुलगा पालथा पडला होता. त्याच्या पट्ट्यांना पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास येत होता आणि कापडावर निळसर-हिरवी झाक चढली होती. मुलगा तापात बरळत होता. महाराजांच्या मते ती देववाणी होती.

"माणसाच्या मांसाला सुगंध येतो कधी? फुलाला येतो, फळाला येतो, देवाला येतो. हे फूल आहे? नाही. फळ आहे? नाही. मग उरलं कोण?"

"देव!" जिना गरजला.

"वा! हुशार आहेत मंडळी."

रुग्णालयात पसरणाऱ्या संसर्गांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक डॉक्टरांना कर्मचारी पूर्वी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही 'जंतूबाई' म्हणत. त्या वाट काढीत आत आल्या, तेव्हा महाराज पट्टीच्या कडेचे कातरलेले तुकडे पिशव्यांतून वाटत होते. एका आजोबांनी तुकडा डोळ्यांना लावला. एका बाईने तो आपल्या तान्ह्याच्या ओठांना टेकवला. जंतूबाईंना शिसारी आली. पुवाची शिसारी त्यांना कधीच आली नव्हती. ही माणसांची होती.

"टाका ते! पू आहे तो!"

"सबुरीनं, बाई," अधीक्षक कुजबुजले. त्यांच्या विजारीखाली, गुडघ्यावर, काहीतरी बांधल्याचा फुगवटा दिसत होता. "माझी गुडघेदुखी निम्मी झालीय."

"उरलेली निम्मी पाय कापल्यावर जाईल, साहेब."

जंतूबाई मुलाच्या आईकडे वळल्या. ती खाटेला पाठ लावून, हात पसरून उभी होती.

"आई, पट्टी बदलू द्या. विष अंगात भिनतंय त्याच्या."

"नको हो, डॉक्टरबाई! महाराज म्हणाले, पट्टी सोडली की गंध जाईल, आणि गंधाबरोबर लेकरूही. मला एकुलता एक आहे तो."

तेवढ्यात एक तुकडा जमिनीवर पडला. महाराजांनी बोलता बोलता एका पिशवीत हात घातला, पिशवीआडूनच तुकडा चिमटीत धरला आणि पिशवी उलटी करून गाठ मारली. बोटाला काही म्हणून लागले नाही. जंतूबाई थबकल्या. ही सफाई तपश्चर्येने येत नाही. जखमा बांधण्याच्या खोलीत कोणी वरिष्ठाने डोक्यावर बसून शिकवावी, तेव्हा ती हातात मुरते.

"महाराज, मलमपट्टीची नोकरी किती वर्षं केलीत?"

"आम्ही जन्मोजन्मी जगाच्या जखमा बांधतो, बाळ."

"छान. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसतंय. हा देवाचा अंश तिथं बांधून घ्या ना."

महाराज एक पाऊल मागे सरले. "आम्हाला... आम्हाला गरज नाही."

"बांधा की महाराज!" जिन्यावरून कोणी भाबडेपणाने ओरडले. "आम्हाला बघू द्या तरी!"

महाराजांचा हात हनुवटीवर गेला आणि तिथेच राहिला. आईने तो हात पाहिला.

"बांधत का नाही हो?" ती हळूच म्हणाली. मग जंतूबाईंना, "पण मग हा वास कसला?"

जंतूबाईंनी तिला मुखपट्टी लावून प्रयोगशाळेत नेले. मेजावर काचेच्या दोन झाकलेल्या बश्या होत्या. दोन्हींत तीच निळसर-हिरवी साय धरलेली. हातभर अंतरावरून त्यांनी एकीचे झाकण किंचित उचलले आणि लगेच मिटले. पिकली द्राक्षे.

"ही माझ्या लेकराची?"

"नाही. त्याची ती दुसरी. ही खाटेशेजारच्या बेसिनच्या जाळीतली. हा जंतू ओल्या मोरीत राहतो. नळ सोडला की तुषार उडतात, ते शेजारच्या पट्ट्यांवर बसतात, तिथून जखमेत. रंग त्याचा, वासही त्याचा. महाराजांना हे ठाऊक आहे, म्हणून तर ते शिवत नाहीत. पट्टी सोडली असती, तर वास गेला असता आणि त्यांचा बाजारही."

आई धावतच खाटेपाशी परतली. "सोडा पट्टी," ती म्हणाली. महाराज तोवर मागच्या जिन्याने पसार झाले होते. देवाला मात्र बरोबर न्यायचे राहिले.

पट्टीखाली जे निघाले ते पाहून अधीक्षकांनी भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या गुडघ्यावरची गाठ सोडली. बेसिन त्याच दिवशी उखडले गेले. मुलाचा ताप मात्र हट्टी निघाला; औषधे बदलावी लागली, सडलेली कातडी दोनदा काढावी लागली, तेव्हा कुठे तो शुद्धीवर येऊन पाणी मागू लागला.

वाचकहो, चमत्कार करणारा एकच गोष्ट निक्षून सांगतो: उघडून पाहू नका. जिथे उघडून पाहण्याची बंदी असेल, तिथे प्रथम उघडून पाहावे. श्रद्धेचे त्यात काही जात नाही. पोर मात्र वाचते.

दूरगावचे एक कुटुंब उशिरा येऊन पोहोचले. त्यांनी दारातच हात जोडले. "माई, सुगंधी देवाचं दर्शन इथंच ना?"

"इथं देव आला नव्हता," आई म्हणाली. "माझ्या पोराची पाठ सडत होती, आणि आम्ही वास घेत उभे होतो."