काठ्याला पाय

छत्तीसगढातल्या शंकर नगरच्या फ्लॅटच्या दारात नवी सून उभी होती, समोर तांदळाने भरलेलं माप होतं, आणि माप काही कलंडत नव्हतं.

घोळ सासूचा, पद्मिनीबाईंचाच. घरचं पितळी मापटं ऐन वेळी सापडेना, म्हणून त्यांनी सरळ विहिणीला फोन लावला होता, "दीदी, तांदूळ मोजायचं काही असेल तर पाठवा ना." भनपुरीची ती छत्तीसगढी विहीण. तिनं हौसेनं आपल्या सासूबाईंचा धान मोजायचा लाकडी काठा धाडला. कशाला हवा ते तिनं विचारलं नाही, अन् बाईंनी सांगितलं नाही. आता भोगा!

"मम्मी, इसको पाँव कैसे लगाऊँ?" नवी सून देवश्री सासूकडे बघत म्हणाली. "दादी तो इसकी पूजा करती है."

बाईंनी चटकन मागे पाहिलं. तिथे त्यांची नणंद उभी होती, शर्मिष्ठा, खास नागपूरहून आलेली.

"काहून थांबली ही? वहिनी, तुमच्या वेळी तर तांदूळ पार फ्रिजखाली उडाले होते!"

सगळे खो खो हसले. प्रत्येक लग्नात हाच किस्सा! आज सगळं नीट पार पडावं आणि नणंदेचं तोंड एकदाचं बंद व्हावं, एवढंच बाईंना हवं होतं.

"आई, हातानं लोटू दे न तिले," नवरदेव शिशिर पुटपुटला.

"तू गप रे पोट्ट्या!" बाई खेकसल्या.

सुनेचे डोळे भरले होते, पण पाऊल हलत नव्हतं. काय हट्टी पोट्टी आहे, असं बाईंच्या मनात आलं. मग आठवलं, आपण तेव्हा लाथ मारली ती भीतीनं. माप पडलं नाही तर लोक काय म्हणतील, या भीतीनं. हिला भीती वाटत होती, तरी ही ऐकत नव्हती. बाईंना तिचा एकदम हेवाच वाटला.

"राहू दे पाय," त्या म्हणाल्या. "तुझी दादी धान कसं मोजते? तसं मोज."

देवश्री खाली बसली. दोन्ही हातांनी काठा उचलून तिनं तांदूळ घराच्या आत ओतला आणि म्हणाली, "राम." इकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, रामाचं नाव घेतात.

"झालं? ये आता आत," शर्मिष्ठा फणकारली.

"बुआजी, राम पर कोई रुकता है क्या?" देवश्रीनं डोळे पुसले. "दूसरा भरना पड़ेगा."

बाईंनी स्वयंपाकघरातून तांदळाचा अख्खा डबाच ओढत आणला.

"दोन!" त्या ओरडल्या. "अन् नणंदबाई, जरा बाजूले सरका. फ्रिजपर्यंत जायचं आहे आम्हाले."