न केलेला जोहार

ललिताचा हात मोडला तो तिच्या बापाच्याच हातून.

पोरगी सहा वर्षांची. बाप उंबऱ्यावर पाठमोरा बसलेला पाहून ती हळूच मागून आली आणि तिनं त्याचे डोळे झाकले. ओळख पाहू, एवढाच खेळ. देवमननं ओळखलं नाही. त्यानं डोळ्यांवरचे ते हात पकडले, पिळले आणि पोर खांद्यावरून समोरच्या भिंतीवर भिरकावली. भागीरथा चुलीपासून धावत आली तर त्यानं तिचाही गळा धरला. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा कुठं त्याची बोटं सुटली. मग तो आपल्याच तळहातांकडं बघत बसून राहिला आणि पोरगी भिंतीशी कण्हत पडली.

त्या दिवसापासून ललिता समोरच्या घरी, भागीरथाच्या मामीकडं, जाईबाईकडं निजू लागली. गल्ली पाच हात रुंद. पण आईला ती पूर्णा नदीच्या पुरासारखी वाटायची. पोरगी कधीतरी बापाच्या छपराखाली परत येईल का, की हा माणूस एक दिवस तिचा जीवच घेईल, हे एकच भागीरथाला जाणून घ्यायचं होतं. बाकी संसार गेला खड्ड्यात.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची, बाळापूरची. वर्षभरापूर्वीचा देवमन असा नव्हता. साधुसंत होता असंही नाही. भांडायचा, चार शिव्या हासडायचा, पण माणसात होता. ही मंडळी अमरावतीकडच्या, दर्यापूरच्या अंगाच्या एका खेड्यातली. छप्पन साली सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली आणि परत आल्यावर मेलेली ढोरं ओढणं आणि पाटलापुढं वाकून 'जोहार मायबाप' म्हणणं तिनं बंद केलं. पुढच्या पोळ्याला, ऐन सणाच्या सकाळी, महादेवराव पाटलाचा धुरेचा, सगळ्यांत पुढं जुंपायचा बैल मेला. तो ओढायला कुणी गेलं नाही. दुपारी गाव वस्तीवर चालून आलं. भागीरथा लेकीला घेऊन ज्वारीत लपली होती, म्हणून वाचली. देवमनचा धाकटा भाऊ गोवर्धन कुऱ्हाडीनं मारला गेला, देवमनच्या डोळ्यांसमोर. खटला चालला, साक्षीदार फुटले, सगळे सुटले आणि गावात त्यांच्या मिरवणुका निघाल्या. काय बोलायचं त्या न्यायाबद्दल!

मग भागीरथानं नवऱ्याला उचललं आणि बाळापूरला बुधाजीमामाकडं आणलं.

बाळापुरात देवमन मोठा माणूस ठरला. तिथल्या बौद्ध पंचायतीचे सेक्रेटरी मोतीरामजी. गांधी टोपी टाकून निळी घातलेले, आवाज खणखणीत. त्यांना कुठून तरी कळलं होतं की, पाटलानं देवमनला बांधून जोहार कर म्हटलं आणि त्यानं केला नाही. झालं. दर सभेत मोतीरामजी ती गोष्ट सांगायचे. "गळ्याशी कुऱ्हाड होती, पन ह्या वाघानं जोहार केला नाई!" टाळ्या पडायच्या. भागीरथाचीही छाती फुगायची, खोटं कशाला बोला. पाणी भरताना, निंदताना, बायकांत तीही हीच गोष्ट सांगायची. बिचाऱ्या माणसाला तेवढंच औषध, असं तिला वाटायचं. आणि देवमन? भीमजयंतीच्या भरसभेत तो उठला, मोतीरामजींच्या थोबाडीत मारली, टेबल उलथं केलं आणि सोडवायला आलेल्या पोराच्या दंडाचा लचका तोडला. लोक म्हणाले, डोक्याला मार लागलाय.

अमरावतीच्या दवाखान्यात गोळ्या दिल्या. त्यानं तो दिवसा झोपू लागला आणि झोपेत लाथा झाडू लागला. भागीरथाची आई पार्बताबाई येऊन कुजबुजली, "तो मेलेला भाऊ लागला वं त्याले. कारंज्याकडे एक भगत हाये."

"दीक्षा घेतली मी, माय," भागीरथा म्हणाली. "भगताच्या दारी पाय नाई ठेवनार. मेला तरी चालीन." म्हणाली खरी, पण त्या रात्री तिचा तिलाच राग आला. सासरच्या देव्हाऱ्यातले देव आपल्या हातानं नदीत सोडलेली बाई ती. आता कुणाला हाक मारणार?

बुधाजीमामा सतरंज्या विणायचे. त्यांचा माग गल्लीच्या अलीकडं, देवमनला राहायला दिलेल्या घराच्या पडवीत: जमिनीलगत आडवा, ताणलेलं सूत, आणि दोन टोकांना नवरा-बायको. मामा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी लाकडी होडी, सोडत, जाईबाई झेलत आणि उलट सोडत. मधूनमधून पंजानं, म्हणजे दात असलेल्या लोखंडी हत्यारानं, सूत ठोकून बसवत. देवमनला पाठीमागं कुणी असलं की सहन होत नसे, म्हणून तो मागासमोर भिंतीला पाठ लावून बसायचा. काम करायचा नाही. नुसता बघायचा. धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, आणि त्याचे डोळे धोट्यामागं.

एका दुपारी तो बोलला.

"पयल्यानं त्यायनं कवाड नाई तोडलं. कूड तोडला."

मामांचा हात थांबला. तसा देवमन ताठ झाला, दात आवळले, मुठी वळल्या. भागीरथा दारात सूत उकलत होती. तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "मामा, थांबू नोका. चालू द्या."

धोटा पुन्हा पळू लागला. डोळे पुन्हा त्याच्यामागं. देवमन घामानं निथळत होता, पण शब्द येत राहिले. कुडाची भिंत पाडली. वस्तीतल्या एका म्हातारीला केसाला धरून बाहेर ओढलं. तिच्या तोंडात मेलेल्या बैलाचं शेण कोंबलं. शेजारच्या लंगड्या काशिरामच्या धडक्या पायावर दगड घातला, म्हणे आता दोन्ही सारखे. एवढं सांगून तो तिथंच आडवा होऊन झोपला, लाथा न झाडता.

भागीरथानं काही शास्त्र वाचलं नव्हतं. मोठ्या शहरांतल्या शहाण्यांना या प्रकाराचं नाव पुढं कधी सापडलं असेल तर सापडो. बाळापुरात त्याला नाव नव्हतं. तिला एवढंच दिसलं की, हीच आठवण धोट्याविना आली की तो अंगावर धावतो, आणि धोट्यामागं डोळे असताना आली की ती बाहेर पडते आणि माणूस जागेवर राहतो. मग ती रोज दुपारी त्याला तिथं बसवू लागली. रोज थोडं थोडं बाहेर येई. ऐकवत नसे. जाईबाई पदरानं कान झाकायची आणि धोटा मात्र चुकवायची नाही. मधे एकदा त्यानं मागाचा दांडा उपटून भिंतीवर आपटला, मामांच्या कपाळाला खोक पडली. मामांनी खोकेत हळद भरली आणि पुन्हा मागावर बसले. असा मामा शोधून सापडायचा नाही.

पण गोवर्धनपाशी आला की देवमन अडायचा. "मले खांबाले बांधलं. गोवर्धनले समोर बसवलं," आणि पुढं नाही. रोज तिथंच.

आता वस्ती म्हटली की भिंतीला कान आणि कानाला जीभ. कुणीतरी पडवीत डोकावलं. देवमनची बुबुळं भिरभिरताहेत, अंग कापतंय, तोंडानं बडबड, समोर बायको हात जोडल्यासारखी बसलेली. अशी दृश्यं सगळ्यांनी लहानपणी ढिगानं पाहिली होती. बातमी मोतीरामजींकडं गेली: देवमनच्या अंगात येते. भागीरथानं गुपचूप जुनं दैवत बसवलं.

मोतीरामजी दोन माणसं घेऊन आले. थोबाडीत खाल्ली होती ती त्यांनी गिळली होती. हे कसं गिळतील? बाबासाहेबांच्या शब्दाला त्यांच्या वस्तीत कुणी बट्टा लावावा!

देवमन तेव्हा धोट्यामागं होता. "गोवर्धनले समोर बसवलं," असं म्हणत होता.

"बंद करा हे सोंग!" मोतीरामजी दारातून गरजले. "बाई, दीक्षा घेतली ना तुमी? हे अंगात आननं काहून चालू केलं?"

"अंगात नाई येत, मोतीरामजी. त्यायले बोलू द्या."

त्यांनी ऐकलं नाही. बाजूनं पुढं होऊन त्यांनी देवमनचा खांदा धरला आणि गदगदा हलवला. देवमनचा हात मागावर पडलेल्या पंजावर गेला. तो उठला आणि त्यानं ते लोखंड मोतीरामजींच्या डोक्यावर उगारलं. भागीरथा मधे घुसली. पंजा तिच्या डाव्या मनगटावर बसला. दात मांसात रुतले, हाड कडाडलं, मागावरच्या पांढऱ्या सुतावर रक्त उडालं. बरोबरच्या माणसांनी देवमनवर झेप घेतली. एकानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दुसऱ्यानं पोटात लाथ घातली, आणि देवमननं एकाचं डोकं भिंतीवर आपटलं. तो गुरगुरत होता. पुन्हा पंजा उचलला तर आज कुणीतरी मरणार, आणि मग पोरगी जन्मभर समोरच्याच घरात राहणार, हे भागीरथाला लख्ख कळलं.

"सोडा त्यायले," ती ओरडली. "मांगं सरका सगळे."

ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. मामा मागाजवळून उठले होते, धोटा कुठं पडला कुणास ठाऊक. तिनं उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या डोळ्यांपुढं धरली आणि हात डावीकडं नेला, उजवीकडं आणला. पुन्हा डावीकडं.

"माह्या बोटाकडे पाय," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती नवऱ्याशी एकेरीत बोलली होती. "गोवर्धनले समोर बसवलं. मंग?"

तो हाफत होता. ओठ फुटला होता. डोळे आधी तिच्या गळ्यावर होते, मग बोटांवर आले. बोटांबरोबर सरकले.

"मंग काय झालं?"

"पाटलानं कुऱ्हाड त्याच्या मानंवर ठेवली. म्हने, म्हन देवमन्या, जोहार मायबाप. एकदा म्हन, याले सोडतो."

"अन् तुमी नाई म्हनलं," मोतीरामजी मागून म्हणाले. त्यांना वाटलं आपण आधार देतोय.

"गोवर्धन म्हनत होता," देवमन म्हणाला.

बोटं जात-येत राहिली. भागीरथाचा डावा हात मांडीवर लोंबत होता.

"तो रडत होता. दादा, म्हन ना, म्हने. एक शब्दच त हाये, दादा. माह्याकडे पायत होता अन् मी त्याच्याकडे पायतच नोतो. मी पाटलाकडे पायत होतो. मले पाटलाले हरवाचं होतं." त्याच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागलं. "मान एका घावात नाई तुटली. तरी बी तो दादाच म्हने."

भागीरथाची बोटं हलतच होती, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाणवठ्यावर, निंदणीत, किती बायकांना तिनं ही गोष्ट मिरवून सांगितली होती! माणसाच्या जखमेत रोज बोट घालायचं आणि वर त्याला मलम म्हणायचं.

देवमननं मोतीरामजींकडं मान वळवली. त्याचा आवाज बसला होता, पण गुरगुर गेली होती. "तुमी जवा जवा सभेत सांगत, मोतीरामजी, तवा तवा तो माह्याकडे पाये."

मोतीरामजी तिथंच सुतात बसले. टोपी काढली, हातात चुरगाळली. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून भागीरथाच्या मनगटाला आवळून बांधला आणि खाली मान घालून म्हणाले, "आजपासून नाई सांगनार मी ते."

"सांगा," देवमन म्हणाला. "पन पुरं सांगा."

मग तो भिंतीला टेकला. थोड्या वेळानं तिथंच कलंडला आणि घोरू लागला, तोंडावरचं रक्त पुसायचंही राहिलं. मोतीरामजी डोकं फुटलेल्या माणसाला धरून घेऊन गेले. मामा भागीरथाला म्हणाले, दवाखान्यात चाल, मी टांगा आनतो. ती म्हणाली, थांबा जरा.

ती गल्ली ओलांडून जाईबाईच्या घरात गेली. ललिता आरडाओरडा ऐकून कणगीमागं दडली होती. भागीरथानं तिला चांगल्या हातानं उठवलं आणि कडेवर घेतलं. धोटा सोडून पोरीपाशी धावत आलेली जाईबाई दारात आडवी झाली.

"तिकडे नेतं का इले? आत्ताच?"

"नेतो."

"तुया हाताकडे पाय ना जरा. भेव नाई वाटत तुले?"

"वाटते ना, मामी," भागीरथा म्हणाली. "पन इतके दिवस कायचं भेव हाये तेच मालूम नोतं."

जाईबाई बाजूला झाली. भागीरथानं पोरीला पडवीत नेलं, बापापासून हातभर अंतरावर निजवलं आणि दोघांच्या मधे आपण बसून राहिली.