अक्काची तीन मिनिटं

माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. कवळी नीट बसली की नाही हे आरशात कळत नाही, बोलताना कळतं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतो. सैल कवळी एकसष्टलाच शिट्टी मारते.

अक्का, माझी थोरली बहीण, आकडे म्हणायला तयार नव्हती. "उद्या मला आकडे नाही म्हणायचेत. भाषणच म्हणते," असं म्हणून तिने पर्समधून कागद काढला. शेजारच्या स्टुलावर नर्सबाई तिचा चष्मा पुसत बसल्या होत्या. नर्सबाई म्हणजे अक्काच्या जोडीदार. दोघी एकतीस वर्षं एका घरात राहतात, आणि चहात साखर किती यावरून एकतीस वर्षं भांडतात.

दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणी होती. कुणी कुणावर प्रेम करतं, किंवा स्वतःला बाई मानतं की पुरुष, यावरून त्याला नोकरीतून किंवा भाड्याच्या घरातून काढता येणार नाही, असा कायदा येऊ घातला होता. समिती लोकांचं म्हणणं ऐकणार होती, माणशी तीन मिनिटं. अक्काने एकोणसत्तराव्या वर्षी नाव दिलं होतं.

"मी शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवला," अक्का चष्मा लावून वाचू लागली. "एका सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, तुम्ही कुणाबरोबर राहता ते पालकांना कळलंय, उद्यापासून येऊ नका..." कवळी घसरली. मी ती काढून घासली, पुन्हा बसवली आणि म्हणालो, "हं, पुढे."

"माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा लोकांना सांगितलं, की गळा बिघडला म्हणून हिने नोकरी सोडली."

मी घासायचं मशीन बंद केलं. गल्लीत तेव्हा विचारणारे शंभर आणि उत्तर देणारा मी एकटा. गळा सुचला, गळा सांगितला. पण ते आता चारचौघांत, समितीपुढे?

"अक्का, कवळी मी करायची आणि ती लावून तू माझीच अब्रू काढायचीस?"

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच म्हणतोय. ते वाक्य गाळ."

नर्सबाई बोलायला गेल्या, पण अक्काने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि ते वाक्य खोडलं.

"गाळलं. आता तोंड पाडून बसू नकोस, रुसलास की नाक लाल होतं तुझं. उरलेलं ऐक."

मला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण ती नंतर. मग तासभर घासून मी कवळी अशी बसवली, की तिने अक्रोड फोडला असता.

सुनावणीत अक्का खणखणीत बोलली. शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. मला माझ्या हाताचा अभिमान वाटत होता आणि खुर्चीत बसवतही नव्हतं. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "तेव्हा तुमच्या घरचं कुणी तुमच्या बाजूने उभं राहिलं का?"

"कशाच्या जोरावर राहणार?" अक्का म्हणाली. "कायदाच नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला पाठीशी घालायची सवय तिला मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासूनची.

मी उभा राहिलो.

"तुमचं नाव यादीत आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बसून घ्या."

अक्का माइककडे वळली. "मॅडम, मी माझं एक वाक्य गाळलंय. त्याचा वेळ उरलाय, तो याला द्या."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली.

"मी हिचा धाकटा भाऊ," मी म्हणालो. "हिचा गळा बिघडल्याची बातमी मी पसरवली. गळा ठणठणीत होता. हिला काढून टाकलं होतं आणि मला ते माहीत होतं. तेव्हा हा कायदा असता तर मी हिच्याबरोबर तक्रार द्यायला गेलो असतो की नाही, शपथेवर सांगता येत नाही. पण जायला जागा तरी असती. माझ्यासारख्या घाबरट भावांनाही हा कायदा हवाय."

लिपिक लिहून घेत होता. त्याचं लिहून होईपर्यंत मी उभाच राहिलो.