वर्तुळाला पडलेली झालर

मी क्रोशाची एक जुनी सुई आहे. सुई म्हणतात खरं, पण मला ना नेढं ना टोक. टोकाच्या जागी चोचीसारखा एक आकडा आहे. मित्रांनो, त्या आकड्यात दोरा अडकवायचा आणि टाक्यातून ओढून घ्यायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात पोलादी तारेचे तुकडे घासूनपुसून चकचकीत केले आणि आम्हाला पुठ्ठ्यावर ओळीने टोचलं. दुकानातल्या त्या पुठ्ठ्यावरून मला ताईंनी उचललं.

ताई आणि त्यांची धाकटी बहीण एकत्र राहत. धाकटीला सगळे छोटी म्हणत; केस पिकले तरी ते नाव काही सुटलं नाही. छोटी रोपवाटिकेत कामाला होती. घरी येताना तिच्या पिशवीत काही ना काही असायचंच. नेच्याचं कोवळं, गुंडाळलेलं पान, गोगलगाईचा रिकामा शंख, वाळलेलं सूर्यफूल. ताई ते टेबलावर ठेवून निरखत आणि मग मला हातात घेत. दिसेल ते दोऱ्यात उतरवायचा त्यांना नादच होता. सूर्यफूल मात्र दाद देईना. त्याच्या बियांच्या एका बाजूला वळणाऱ्या रांगा चौतीस आणि उलट्या बाजूला वळणाऱ्या पंचावन्न. दोघी बहिणींनी पुन्हापुन्हा मोजल्या, एकमेकींना वेंधळी ठरवलं, तरी आकडे तेच आले.

ताईंचा हातखंडा गोल रुमालाचा. त्याचं गणित सोपं आहे. मधोमध सहा टाके घालायचे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे. बारा, अठरा, चोवीस. एवढं पाळलं की रुमाल टेबलावर सपाट पसरतो. टाके कमी वाढवले तर त्याची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. कोंबड्याच्या फुलाचा तुरा तसाच असतो. मधल्यापेक्षा त्याची कड भराभर वाढते. ताई मनातल्या मनात मोजत, पण बोटांच्या ठेक्यावरून मला आकडा कळायचा.

म्हणून तो ठेका चुकला, तेव्हा सगळ्यांत आधी मला कळलं.

त्या दिवशी ताई चौथ्या फेरीत थांबल्या. मागे गेल्या, परत मोजलं. मग एकाच टाक्यात त्यांनी मला दोनदा घातलं, पुढच्यातही दोनदा, त्याच्या पुढच्यातही. मला वाटलं, नवा नमुना असेल. पण ताई तो रुमाल तळहाताने दाबत राहिल्या आणि कड काही खाली बसेना. त्यांनी तो उसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

एकदा गॅसवर दूध ठेवून त्या माझ्याशी झटत बसल्या. दूध जळालं, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला, तेव्हा कुठे त्या उठल्या. छोटी यायच्या आत त्यांनी पातेलं घासलं, खिडक्या उघडल्या आणि दूध नासलं म्हणून सांगितलं. दुपारभर त्या घरात एकट्या, सोबतीला मी. मला ना ओरडता येत होतं, ना गॅस बंद करता. उद्या काय होईल, हाच विचार मला पोखरत होता.

मग दोष माझ्यावर आला. सुईची चोच झिजली, असं सांगून ताईंनी छोटीकडून नवी सुई आणवली आणि मला खणात टाकलं. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. हातात असताना निदान कळत तरी होतं. आता मी अंधारात नुसती कान देऊन होते. नवी सुईही अडखळत होती. मधूनच खण उघडायचा आणि झालर पडलेला आणखी एक रुमाल माझ्या अंगावर पडायचा. ताईंनी उसवायचंही सोडलं होतं.

एका सुट्टीच्या सकाळी छोटी कात्री शोधत होती. खण ओढताच ते सगळे रुमाल तिच्या हाती लागले. ती हरखून गेली. एकेक रुमाल खिडकीशी धरून ती भरभरून बोलू लागली, की ही तर हुबेहूब कोंबड्याची फुलं झाली आहेत, अशी लपवून कशाला ठेवलीस, रोपवाटिकेत दाखवायला मला एक तरी दे. ताईंनी हसून नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मित्रांनो, मला तीच भीती होती. आयतं कौतुक कोण नाकारतं?

ताईंनी तिच्या हातातला रुमाल घेऊन टेबलावर तळहाताने दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "मी फुलं नाही केली, छोटे. मी सपाट रुमाल करत होते. प्रत्येक वेळी."

छोटीचं हसू विरलं. ती खुर्ची ओढून ताईंसमोर बसली.

"कधीपासून होतंय हे?"

"आठवत नाही गं. तेच तर."

छोटीने रजा टाकली. दवाखान्यात नेण्यासाठी तिने रुमाल पिशवीत भरले. त्यांतल्या एकात माझा आकडा अडकला होता, म्हणून मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी रुमाल नीट पाहिले, ताईंना बरंच काही विचारलं. जळलेल्या दुधाची गोष्ट छोटीला तेव्हाच कळली. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. छोटी गॅस बंद आहे ना, हे पुन्हापुन्हा बघून यायची. ताई खिडकीत बसून स्वतःचीच बोटं मोजायच्या.

रक्तात एक जीवनसत्त्व फारच कमी झालं होतं; विसर पडत होता तो त्यामुळेच. इंजेक्शनांनी फरक पडेल, पण किती, ते आज सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. आणखी उशीर केला असता, तर तेवढीही आशा उरली नसती.

आता ताईंनी मला पुन्हा हातात घेतलं आहे. एखाद्या दिवशी रुमाल सपाट येतो, एखाद्या दिवशी त्याला झालर पडते. झालर पडली की मी अजूनही धास्तावून प्रत्येक टाका मोजते. पण आता तो रुमाल खणात जात नाही. टेबलावर राहतो आणि छोटी तो पाहते.

मित्रांनो, मला जपणं सोपं आहे. कोरडी ठेवा, गंजू देऊ नका, झालं. माणसाचं तसं नसतं. तुमच्या घरात कुणाच्या हातचं रोजचं काम एकाएकी वेगळं होऊ लागलं, तर हसू नका आणि नुसतं छान म्हणून पुढेही जाऊ नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.