मेंदीवरची दोरी

आश्विन उतरणीला लागला. पाचगणीच्या पठारावरून शुभ्र, शीतल, आळसावलेले धुके मागे सरले. आणि पावसावर पोसलेली, माणसाच्या डोक्यावरून गेलेली मेंदी बंगल्याभोवती उन्हात उभी राहिली. नुसती पाहूनच अंग गळावे, अशी.

तुळाजी माळ्याने कात्री उचलली. चाळीस वर्षे तो हेच कुंपण कापतो आहे. खुंट्या नाहीत, टेप नाही. दोरीचे एक टोक त्याच्या हनुवटीशी, दुसरे फाटकाकडे उभ्या कोंडाबाईच्या, त्याच्या बायकोच्या, कुंकवाशी. ती ताणलेली, थरथरती, चुना फासलेली दोरी फांद्यांवर टेकवून रेघ उठवायची आणि कापत जायचे. लग्नाच्या साली दोघांनी ठरवलेले हे माप.

पाने पडली, फांद्या पडल्या, ऊन पडले. खांदे भरून आले, मनगटे भरून आली. दमली हो ती दोघे, अगदी दमली.

तिसऱ्या प्रहरी बंगल्याच्या मालकीण बाईसाहेब ओसरीवर आल्या. "तुळाजी, कुंपण फाटकाकडे उतरलंय. उद्या मशीनवाला बोलावते. तुम्ही दोघं आता निवांत बसा."

बाईंचे काही चुकले नव्हते. जमीन सपाट, आणि कुंपण मात्र वीतभर कललेले. तुळाजीला ते आज प्रथम दिसले. इतकी वर्षे त्याने दोरी पाहिली होती, धरणारीला पाहिले नव्हते.

"जरा ताठ व्हतीस का?"

कोंडाबाईने कमरेवर हात ठेवला. "अवं, ह्येच माझं ताठ."

मग तीच हळू म्हणाली, "माझ्या जागी खुटी ठोका. मशीन तरी यायचं न्हाई."

त्याला फार वाईट वाटले. तो चालत तिच्यापाशी गेला, अगदी जवळ उभा राहिला. लग्नात हनुवटीला लागणारे तिचे कपाळ आता त्याच्या छातीशी आले.

"खुटी कशापायी? तू हाईस की," तो म्हणाला. आणि ओसरीकडे वळून, "बाईसाहेब, सांजपातूर सरळ करतो. मग ठरवा."

तो आपल्या टोकाशी परतला. हनुवटीवरची दोरी त्याने छातीवर आणली. पुन्हा पहिल्यापासून कात्री चालू लागली. दुखऱ्या हातांनी, मंद, मंद, मंद.

दिवेलागणीला बाई कुंपणाच्या कडेने एकदा चालत गेल्या. मशीनवाल्याला नको म्हणून कळवा, एवढे त्यांनी आत सांगितले.

कोंडाबाईला ते ऐकूच गेले नाही. ती फाटकापाशी उभी होती, वाकलेली, थकलेली, दोरी कपाळाशी घट्ट धरून. आणि दूर दुसऱ्या टोकाला तुळाजी, दोरी छातीशी धरून, तिच्याएवढाच.